पटावरचें मूल

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं कुलवृत्तांताची एक जाड प्रत असतेच. ती रोज कोणी उघडीत नाहीं. परंतु लग्नाचीं बोलणीं निघालीं, किंवा परदेशांतून एखादा चुलतनातू सुटींत आला, म्हणजे ती फडताळांतून खालीं येते, आणि मग घरांतील जो तो प्रथम स्वतःचें नांव शोधूं लागतो. नांव सांपडलें कीं समाधान. जन्मसाल चुकलें असेल तर तेवढ्यासाठीं संपादकमंडळास रागाचें पत्र. आणि जुन्या आवृत्तींत 'कन्या दोन' एवढ्यावरच ज्यांची बोळवण झाली आहे, त्यांतल्या एक आत्याबाई ऐंशीव्या वर्षींहि तें पान उघडलें कीं उठून आंत जातात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

या महिन्यांत ज्या व्यवसायाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, तो असाच एका नोंदवहीचा आहे. मात्र ही वही एका कुळाची नसून साऱ्या राज्यांतील शाळकरी मुलांची आहे. हा विषय आम्हांस सुचला तो असा :

कोल्हापुरास शुक्रवार पेठेंत आमच्या परिचयाचें एक मोठें कुटुंब आहे. चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात. त्या घरची धाकटी सून शिवाजी विद्यापीठाची संख्याशास्त्राची एम. एस्सी. असून गेलीं नऊ वर्षें जिल्ह्याच्या शिक्षणखात्यांत माहिती-व्यवस्थेचें काम करीत आहे. तिला आतां पुण्यास मोठें काम देऊं केलें आहे. विद्यार्थ्यांचे पट, शिक्षकांच्या नेमणुका व पगार, परीक्षांचे निकाल, मध्यान्ह भोजनाचा हिशेब हीं सर्व दप्तरें आजवर निरनिराळीं वाढलीं. त्यांची एकमेकांशीं सांगड घालणें हें तें काम. तिच्या मामंजींस, म्हणजे आमच्या स्नेह्यांस, हें पसंत नव्हतें. "गणितांत पहिला वर्ग मिळवून शेवटीं सरकारचीं पोरें मोजावयाचीं, आणि तींहि पुण्यास जाऊन! हें कारकुनाचें काम," असें त्यांचें म्हणणें. सासूबाईंची अडचण व्यवहाराची होती. नातू पांचवींत आहे, त्याचें कोणी पाहावयाचें? आजेसासूबाई कांहींच बोलल्या नाहींत. आम्हांस मत विचारण्यांत आलें. खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं आमचें मतहि मामंजींच्या मताहून फारसें वेगळें नव्हतें. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं तिलाच समोर बसवून तिचें काम समजून घेतलें.

प्रत्येक शाळेस अकरा आंकडी क्रमांक असतो. त्यास यूडायस क्रमांक म्हणतात. पहिले दोन आंकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढील दोन जिल्ह्याचे, कोल्हापूरचे ३४. मग तालुका, गांव व शेवटीं शाळा. आपल्या नातवंडांच्या शाळेच्या कागदांवर हा क्रमांक वाचकांस सहज सांपडेल. दरवर्षीं ३० सप्टेंबर ही तिथि धरून मुख्याध्यापकांनीं शाळेची माहिती भरावयाची : किती मुलगे, किती मुली, कोणत्या इयत्तेंत, वर्गखोल्या किती, पाण्याचा नळ चालू आहे कीं नाहीं, मुलींसाठीं स्वच्छतागृह आहे कीं नाहीं. केंद्रप्रमुख ती तपासतात. मग ती तालुक्याकडे, जिल्ह्याकडे, आणि मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत केंद्राकडे जाते. या व्यवस्थेचा आरंभ १९९४-९५ च्या सुमारास प्राथमिक शाळांपुरता, दिल्लीच्या शैक्षणिक नियोजन संस्थेंत झाला. २०१२-१३ पासून माध्यमिक शाळाहि त्याच वहींत आल्या. आपल्या राज्यानें २०१५ सालीं 'सरल' नांवाची विद्यार्थिनिहाय नोंद स्वतंत्र सुरू केली. शिक्षकांच्या पगारासाठीं 'शालार्थ' निराळेंच.

एकच मूल अशा रीतीनें चार वह्यांत चार नांवांनीं वावरतें. शाळेच्या दाखल्यावर एक शुद्धलेखन, आधारपत्रावर दुसरें. इंग्रजींत 'दीक्षित' किती प्रकारें लिहितां येतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें हीं दप्तरें पाहावींत. आणि शिक्षिकांची तर कथाच वेगळी! आपल्याकडे लग्नांत तांदुळांत नवें नांव लिहिण्याची हौस. तेव्हां पदवी माहेरच्या नांवाची, पगारपत्रक सासरच्या नांवाचें, आणि बँकेचें पुस्तक या दोहोंच्या मधलें कांहीं तरी. हें सांगतांना सून हंसली, सासूबाईहि हंसल्या. मामंजी मात्र गंभीरच होते. 'हें सर्व ठीक, पण यांत बुद्धीचें काम कोणतें?' हा त्यांचा प्रश्न अजून उभाच होता.

त्याचें उत्तर शोधावयास कोल्हापुराबाहेर जावें लागत नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्याआधीं बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत प्रयोग करून १९०६ सालीं तें सर्व राज्याला लागू केलें होतें. आणि नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत आणलेलें सक्तीच्या शिक्षणाचें बिल पुढील वर्षीं फेंटाळलें गेलें होतें. जें ब्रिटिश मुलखांत घडलें नाहीं तें करवीरांत घडलें, याचें कौतुक आपण नेहमींच ऐकतों. पण या कायद्याच्या पोटांत एक नीरस गोष्ट होती. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. आतां दंड करावयाचा तर कोणत्या घरांत शाळेच्या वयाचें मूल आहे आणि तें शाळेंत आलें नाहीं, हें आधीं कळावयास नको काय? म्हणजे यादी आली. आलेल्या मुलांची हजेरी कोणीहि मास्तर मांडील. न आलेल्या मुलांची यादी करणें निराळें. शाळेच्या दारांतून आंत पाहणारा आणि दारांतून बाहेर पाहणारा, या दोघांत जो फरक आहे तो येथें आहे. महाराजांच्या १९०२ च्या प्रसिद्ध आज्ञेंतहि, मागासलेल्या वर्गांसाठीं जागा राखून ठेवण्याचा हुकूम झाल्यावर, प्रत्येक खात्याच्या प्रमुखानें नेमणुकांचें पत्रक दर तिमाहीस पाठवावें असें शेवटीं घातलेलें आहे. हुकूम काढून स्वस्थ बसणारा तो राजा नव्हता.

दुसरें नांव आजऱ्याकडचें. जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे जे. पी. नाईक, यांचा जन्म १९०७ सालीं आजरा तालुक्यांतील बहिरेवाडीचा. भुदरगडांतील गारगोटीचें मौनी विद्यापीठ ज्यांच्या हातून उभें राहिलें त्यांत ते एक. आणि १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. युनेस्कोनें जगांतील शिक्षणचिंतकांचीं जीं शंभर चरित्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत गांधीजी व रवींद्रनाथ यांच्याबरोबर हे आपले बहिरेवाडीकर आहेत. नाईकांच्या तरुणपणीं शिक्षणाच्या चर्चेंत एक आंकडा सर्वांच्या तोंडीं होता. १९२९ सालच्या हार्टोग समितीनें सांगितलें होतें कीं, १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या शंभर मुलांपैकीं १९२५-२६ सालीं चौथींत केवळ अठराच उरलीं. यावरून, शाळा वाढवूं नका, आहेत त्याच नीट चालवा, असा निष्कर्ष निघाला. रा. वि. परुळेकरांसारख्या आपल्याकडील शिक्षणतज्ज्ञांनीं या मांडणीस हरकत घेतली. नाईक व सय्यद नुरुल्ला यांच्या शिक्षणाच्या इतिहासांतहि तिची परखड चिकित्सा आहे.

हरकतीचें मर्म आम्ही घरगुती दृष्टांतानें सांगतों. लोणच्याच्या बरणींत गेल्या वर्षींच्याहि फोडी राहिल्या आहेत, यंदाच्याहि आहेत. पुढें दुसऱ्या बरणींत मोजून यंदाच्या किती नासल्या हें सांगतां येईल काय? पहिलींत तीन-तीन वर्षें बसून राहिलेलीं मुलें असत. चौथींतलीं अठरा मुलें त्याच शंभरांतलीं, हें धरून चालावयाचें कशाच्या आधारावर? गळती होती यांत शंका नाहीं. पण ती किती, आणि त्यांतलें शाळेनें रखडविलेलें मूल कोणतें व शाळा सोडून गेलेलें कोणतें, हें डोकीं मोजून कळत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक मुलाचा वर्षानुवर्षें माग ठेवावा लागतो.

तो माग ठेवण्याची सोय अलीकडे झाली. २०२२-२३ पासून यूडायसमध्यें शाळेच्या बेरजेऐवजीं प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊं लागली आणि त्यास देशभर एकच असा कायम क्रमांक मिळूं लागला. परिणाम असा झाला कीं, २०२१-२२ सालीं देशांतील विद्यार्थी २६ कोटींहून अधिक होते, ते २०२३-२४ सालीं २४ कोटी ८० लाख निघाले. पद्धत बदलल्यामुळें या आंकड्यांची सरळ तुलना करूं नये असें केंद्रीय शिक्षणखात्यानें बजावलें आहे. तें योग्यच; परंतु त्यामुळें काम संपत नाहीं, तेथें तें सुरू होतें. कमी झालेल्या मुलांत मुळांतच नसलेलीं किती, दोन ठिकाणीं नांव असलेलीं किती, आणि केवळ कागद जुळला नाहीं म्हणून बाहेर राहिलेलीं किती? या तिन्हींवर उपाय तीन निराळे आहेत.

आपल्या राज्यानें याचा एक कडू अनुभव पूर्वींच घेतला आहे. ऑक्टोबर २०११ मध्यें तीन दिवस साऱ्या महाराष्ट्रांत पटपडताळणी झाली. तेंच मूल दुसऱ्या शाळेंत पुन्हां बसवूं नये म्हणून मतदारांसारखी मुलांच्या बोटांस शाई लावण्यांत आली. पटावर असलेलीं पण प्रत्यक्षांत न दिसलेलीं मुलें सुमारे २० लाख असल्याचें वृत्तपत्रांत आलें. खोटे पट दाखवून अनुदान लाटणाऱ्यांची आम्हांस कींव नाहीं. तथापि त्या तीन दिवसांत जें मूल तापानें घरीं निजलें होतें, तेंहि त्या हिशेबांत खोटेंच ठरलें असणार. शाई लावून जें मूल आहे तें आहे एवढें सिद्ध होतें. जें समोर नाहीं त्याविषयीं ती मुकी आहे.

एवढें झाल्यावर सुनेनें स्वतःची एक गोष्ट सांगितली. ती घरांतहि कोणास ठाऊक नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं एका मुलीचें नांव दोन शाळांत दिसत होतें; एक नोंद मराठवाड्यांतील, दुसरी आपल्या जिल्ह्यांतील एका लहान शाळेची. दुबार नोंदींपैकीं जुनी ठेवून नवी काढावी अशी सर्वसाधारण सूचना होती. अशा शेंकडों नोंदी त्या दिवशीं तिच्यापुढें होत्या. तिनें नवी काढली. महिना-दीड महिन्यानें त्या शाळेचे मास्तर एस. टी. नें आले, पिशवींत कापडांत गुंडाळलेलें हजेरीपत्रक. मुलीचे आईबाप ऊसतोडीसाठीं आलेले. हंगाम संपल्यावर ते परत गेले, पण मुलगी येथेंच गुऱ्हाळावर राहणाऱ्या मावशीकडे ठेविली. ती रोज शाळेंत येत होती. हजेरींत तिच्या नांवापुढें एकहि खाडा नव्हता. मास्तर रागावले नाहींत. "बाई, तुमच्या यंत्रांत ती नाहीं, माझ्या वर्गांत आहे, आतां मी तिला काय सांगूं?" एवढेंच ते म्हणाले.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि एकसष्टाव्या मुलास तिसरा. त्या शाळेचा पट एकसष्ट होता. एक नोंद गेली, साठ झाले. संचमान्यतेंत तिसरे शिक्षक अतिरिक्त ठरले आणि त्यांचें समायोजन दुसऱ्या तालुक्यांत झालें. सुनेनें लिहालिही करून मुलीचें नांव परत चढविलें, परंतु शिक्षकाचें पद परत यावयास पुढचें वर्ष उजाडलें. वर्षभर त्या शाळेंत पांच इयत्तांस दोन माणसें. "तेव्हांपासून," ती म्हणाली, "नोंद काढण्याआधीं दोन्ही शाळांना फोन केल्याखेरीज मी बटण दाबीत नाहीं. दिवसाला काम थोडें होतें. वरून विचारणा होते. होऊं द्यावी."

मामंजी यावर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं एकच प्रश्न विचारला : "आणि जीं मुलें मावशीकडे राहात नाहींत, हंगामाबरोबर येतात नि जातात, त्यांचें काय?"

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. गणतीची तिथि ३० सप्टेंबर. कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेंमागें सुरू होतें आणि बीड, धाराशिवकडील टोळ्या बैलगाड्या-ट्रॅक्टरांसह शिरोळ, हातकणंगले, कागलच्या शिवारांत उतरतात. म्हणजे गणतीच्या दिवशीं तें मूल आपल्या गांवच्या पटावर खरेंखुरें असतें, आणि पुढील पांच महिने प्रत्यक्षांत असतें आमच्या फडावर, पाचटाच्या खोपींत, धाकट्या भावंडास सांभाळीत. दोन्ही जिल्ह्यांची कागदपत्रें निर्दोष; मूल मात्र दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर. साखरशाळा निघाल्या, गांव सोडतांना देण्याचें शिक्षण हमी पत्रक निघालें. हे उपाय मनापासून योजलेले आहेत. पण पत्रक देणाऱ्या शाळेस तें मूल कोठें पोंचलें हें कळावयास, आणि येथील शाळेस कोण येणार आहे हें आधीं कळावयास, दोन दप्तरें एकमेकांशीं बोलावीं लागतात. तीच गोष्ट सीमेची. कागलचें मूल निपाणीस मामाकडे शिकावयास गेलें, तर राज्य बदललें, आरंभींचे आंकडे २७ चे २९ झाले. पूर्वीं येथें तें शाळा सोडलेलें म्हणून राहात असे आणि तेथें नव्यानें जन्मल्यासारखें दाखल होत असे. कायम क्रमांकामुळें आतां माग लागूं शकतो. पण नव्या शाळेनें तो मागितला पाहिजे आणि जुनीनें सोडला पाहिजे. पुण्यास तिला करावयाचें आहे तें मुख्यतः हेंच.

एक शंका वाचकांच्या मनांत येईल, ती आमच्याहि आली. मुलाची जात, घरची परिस्थिति, व्यंग असल्यास तें, इतकें सारें एका ठिकाणीं गोळा झालें तर तें भलत्याच्या हातीं लागणार नाहीं काय? लागूं शकतें. देशांत २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. विद्यार्थ्यांच्या 'अपार' ओळखक्रमांकासाठीं पालकांची संमति घेतली जाते. ती संमतीची चिठ्ठी नातवाच्या दप्तरांतून येते आणि आपण भाजीच्या यादीइतकेंहि लक्ष न देतां खालीं सही करतों. वाचावी, समजली नाहीं तर शाळेंत जाऊन विचारावें. सून म्हणाली, कोणती माहिती मागूं नये हें ठरविणेंहि तिच्याच कामाचा भाग आहे, आणि त्या बाबतींत वरिष्ठांशीं वाद घालावे लागतात. हें ऐकून आम्हांस बरें वाटलें.

ज्या घरांतील मुलामुलींस या वाटेनें जावयाचें आहे त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें. संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्राची पदवी हवीच. पण तेवढ्यावर भागत नाहीं. संचमान्यता, अनुदान, बदल्या यांचे शासननिर्णय वाचतां आले पाहिजेत, आणि ते वाचणें हें एक स्वतंत्र शास्त्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेंत या विषयाची पदविका मिळते. तालुका-जिल्ह्यांतील पुष्कळ पदें करारानें भरण्याचा प्रघात पडला आहे. वर्षानुवर्षें काम करूनहि पुढच्या वर्षाची खात्री नाहीं, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्यांच्या हातीं इतकीं मुलें सोंपवावयाचीं त्यांस असें टांगणीवर ठेवणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. आणि ज्यास दुपारभर एका शाळेच्या फोनची वाट पाहण्याचा कंटाळा आहे, त्यानें बँकेंत जावें. तेथें आंकडे अधिक आज्ञाधारक असतात.

आमचें मत आम्हीं सांगितलें, पण त्याची फारशी गरज उरली नव्हती. नातवाच्या अभ्यासाचें मामंजींनीं स्वतःकडे घेतलें. सून पुण्यास जाईल ती यंदाची ३० सप्टेंबरची माहिती बिनचूक पुरी झाल्यावर, अर्धें टाकून नाहीं, असें तिनेंच सांगितलें. आम्ही निघतांना आजेसासूबाई प्रथमच बोलल्या.

"अगं, कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघते आहे म्हणे. तिचे कागद तुझ्याकडेच आहेत ना? मग जाण्याआधीं माझें माहेरचें नांव तेवढें घालून जा. द्वारका. तांदुळांतलें नको."